थर्टी-थर्टी आणि बोथट नाकाची गोळी: जवळच्या शिकारीसाठी काडतूस कसं निवडतात

पेनसिल्व्हेनियात थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी रायफलने हरणं मारायचा हंगाम उघडतो. त्याआधीचे पंधरा दिवस इथल्या ऑफिसांत जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नसतो. कोण कुठल्या डोंगरावर जाणार, कुणाच्या मक्याच्या शेतात मोठ्या शिंगांचा नर दिसला, आणि यंदा गोळ्या कुठल्या आणल्या. मराठी माणूस आपला डबा खात ऐकत असतो. ‘थर्टी-थर्टी’, ‘वन-सेव्हन्टी ग्रेन’, ‘सॉफ्ट पॉइंट’ असे शब्द कानावरून जातात आणि विचारायचा संकोच वाटतो. इथे वाढलेली आपली काही मुलं तर आता रीतसर कोर्स करून, लायसन्स काढून मित्रांबरोबर रानात जायलाही लागली आहेत. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या धास्तावलेल्या आईबापांसाठी हे लिहितो आहे.

भारतात हा प्रश्नच येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार चितळ, सांबर, भेकर यांची शिकार हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. अमेरिकेच्या पूर्व भागात परिस्थिती उलटी आहे. लांडगे केव्हाच संपले, आणि पांढऱ्या शेपटीचं व्हाइटटेल हरीण इतकं वाढलं की रस्त्यावर गाड्यांना धडकतं, जंगलातली कोवळी रोपं खाऊन संपवतं. किती हरणं मारायची हे दर वर्षी राज्य सरकार ठरवतं आणि त्या हिशेबाने टॅग, म्हणजे एकेका हरणाचे परवाने, विकतं. शिवाय १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यामुळे काडतुसांवर ११ टक्के केंद्रीय कर लागतो आणि तो पैसा वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांकडे जातो. म्हणजे काडतुसांचा डबा विकत घेणारा माणूस नकळत जंगलाची वर्गणी भरत असतो.

आता रायफलीकडे. लिव्हर-अ‍ॅक्शन म्हणजे चापाभोवती जे लोखंडी कडं असतं ते खाली ओढायचं आणि परत वर घ्यायचं. खाली ओढताना रिकामी पुंगळी बाहेर उडते, वर घेताना नवं काडतूस नळीत बसतं. काउबॉयच्या सिनेमांत दिसते तीच ही बंदूक. जॉन मोझेस ब्राउनिंग या कारागिराने आखलेलं विंचेस्टर कंपनीचं १८९४ चं मॉडेल हे तिचं सगळ्यांत गाजलेलं रूप. पुढच्याच वर्षी, १८९५ मध्ये, विंचेस्टरने तिच्यासाठी बिनधुराच्या दारूचं नवं काडतूस आणलं. तेच थर्टी-थर्टी. पहिले तीस म्हणजे गोळीचा व्यास, इंचाच्या शंभरात ढोबळमानाने तीस भाग. दुसरे तीस म्हणजे तेव्हा त्यात भरत ती ३० ग्रेन (जवळजवळ दोन ग्रॅम) दारू. आज दारू बदलली, वजनं बदलली, नाव तेच राहिलं. मार्लिन कंपनीची १९४८ पासूनची ३३६ ही रायफलसुद्धा मुख्यतः याच काडतुसासाठी ओळखली जाते. पेनसिल्व्हेनियात हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप नळीत बसवणारी रायफल चालत नाही, त्यामुळे आजोबांची लिव्हर-अ‍ॅक्शन नातवाकडे येण्याची रीत तिथे अजून टिकून आहे.

काडतूस हातात घेतलं तर चार गोष्टी दिसतात. पितळेची पुंगळी. तिच्या बुडाशी मधोमध बसवलेली छोटी गोल टोपी, म्हणजे प्रायमर. तिच्यावर ठोका बसला की ठिणगी पडते. पुंगळीच्या आत दारू. आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. उडते ती फक्त गोळी. डब्यावर मोठ्या अक्षरांत १५० किंवा १७० लिहिलेलं असतं ते त्या गोळीचं ग्रेनमधलं वजन. ग्रेन हे माप आपल्याला परकं नाही. सराफाचा जुना तोळा इंग्रजांनी १८० ग्रेनांचा ठरवला होता. म्हणजे १७० ग्रेनची गोळी तोळ्याला जराशी कमी, ११ ग्रॅमची. १५० ग्रेनची साधारण पावणेदहा ग्रॅमची.

लोक दुकानात जाऊन आधी वजन विचारतात, मग वेग, मग किंमत. माझ्या मते आधी बघायची ती गोळीच्या नाकाची ठेवण, आणि त्याचं कारण बंदुकीतच आहे.

बहुतेक लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलींना पेटीसारखं मॅगझिन, म्हणजे पुढची काडतुसं ठेवायची जागा, नसतं. बंदुकीच्या नळीखाली दुसरी एक बारीक नळी असते. रायफलीच्या उजव्या अंगाला एक छोटी झडप असते, त्यातून अंगठ्याने एकेक काडतूस आत ढकलायचं. शेवटचं घालताना स्प्रिंगचा जोर अंगठ्याला चांगलाच जाणवतो. आत ही काडतुसं एकापाठोपाठ एक आडवी पडलेली असतात, सगळ्यांची तोंडं पुढे. म्हणजे मागच्या काडतुसाचं नाक पुढच्याच्या बुडाला टेकलेलं, नेमकं टोपीवर. बार उडाला की रायफल झटक्याने मागे येते आणि ही सगळी रांग आतल्या आत आपटते. नाक टोकदार आणि कडक असेल तर ते टोपीवर ठोक्याचं काम करू शकतं, आणि काडतूस नळीऐवजी मॅगझिनमध्येच फुटू शकतं. त्या खालच्या नळीवरच डावा हात असतो.

म्हणून थर्टी-थर्टीच्या गोळ्या पहिल्यापासून चपट्या किंवा गोल नाकाच्या. बोथट नाकाला हवा जास्त अडवते, गोळी लवकर मंदावते, लांबचा पल्ला मिळत नाही. पण ही बंदूक मुळात लांबच्या पल्ल्याची नाहीच.

२००० नंतरच्या दशकात हॉर्नडी कंपनीने यावर तोड काढली. लेव्हरेव्होल्यूशन नावाच्या त्यांच्या काडतुसात गोळी टोकदार असते, पण ते टोक मऊ, दबणाऱ्या प्लास्टिकचं. बोटाने दाबून बघा, वाकतं. टोपीवर आदळलं तरी ते स्वतःच दबतं. कल्पना हुशारीची आहे. १६० ग्रेनची ही गोळी १०० यार्डांवर ३ इंच वर लागेल अशी साईट (नेम धरायची खूण) लावली तर २०० यार्डांवर जवळजवळ नेमावर लागते. यार्ड म्हणजे आपला वार, मीटरपेक्षा थोडा कमी. तुम्ही शेताच्या बांधावर बसून पलीकडच्या टोकाचं हरीण बघणार असाल तर जास्तीचे पैसे जरूर द्या. ओक आणि हेमलॉकच्या गर्दीत पन्नास-साठ यार्डांपलीकडे काही दिसत नाही अशा जागी बसणार असाल, तर त्या टोकाचा उपयोग दुकानदाराला.

काही लिव्हर-अ‍ॅक्शन रायफली या अडचणीतून सुटलेल्या आहेत. सॅव्हेज ९९ मध्ये काडतुसं एका फिरत्या चकतीत बसतात, ब्राउनिंग बीएलआरला पेटी आहे. विंचेस्टरचं १८९५ चं मॉडेलही पेटीवालं. थिओडोर रूझवेल्ट आफ्रिकेत घेऊन गेले होते ते हेच. त्यांत टोकदार गोळी बिनधास्त चालते. तेव्हा कुणी म्हणालं की ‘माझ्या लिव्हर-अ‍ॅक्शनमध्ये मी टोकदारच वापरतो’, तर आधी त्याचं मॅगझिन बघा. आणि ‘एक नळीत, एकच मॅगझिनमध्ये, मग टोकदार चालते’ ही जुनी क्लृप्ती कुणी शिकवली तर मान डोलवून सोडून द्या. हिशेब बरोबर आहे, पण पहाटेच्या थंडीत बधिर झालेल्या बोटांनी तिसरं काडतूस कधी आत ढकललं हे कळणार नाही.

नाकानंतर पोट. गोळी आतून कशी बांधली आहे, यावर हरीण किती पटकन मरतं ते अवलंबून. आणि पटकन मरणं हाच इथे सगळा धर्म आहे. सैन्यात वापरतात त्या पूर्ण तांब्याच्या कवचातल्या गोळ्या शरीरातून सरळ आरपार जातात, बारीक भोक पाडून. जनावर जखमी होऊन पळतं आणि कुठेतरी दोन दिवसांनी मरतं. म्हणून अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत हरणासाठी अशा गोळ्यांना बंदी आहे. पेनसिल्व्हेनियातही गोळी एकतर पूर्ण शिशाची किंवा लागल्यावर फुलणारी असावी लागते.

फुलणारी म्हणजे काय, हे वापरलेली गोळी बघितल्याशिवाय नीट कळत नाही. सॉफ्ट पॉइंटमध्ये शिशाचा गाभा तांब्याच्या पातळ आवरणात असतो आणि नाकाशी शिसं उघडं ठेवलेलं असतं. मांसात शिरताच ते मऊ नाक चेपतं, आवरण पाकळ्यांसारखं फाटत मागे वळतं आणि गोळीचा घेर जवळजवळ दुप्पट होतो. हरीण सोलताना पलीकडच्या बाजूला कातडीखाली कधीकधी अशी गोळी अडकलेली सापडते. बोटांनी चाचपली की टणक गाठ लागते, सुरीने कातडी उचलली की हातात येते: वरून कुत्र्याच्या छत्रीसारखी पसरलेली, खालून अजून मूळ आकारातली. रेमिंग्टनचं कोअर-लोक्ट हे काडतूस १९३९ पासून याच गुणावर विकलं जातं. विंचेस्टरचं पॉवर-पॉइंट त्याच जातीचं. दोन्ही स्वस्त, दोन्ही गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी, आणि थर्टी-थर्टीच्या अंतराला दोन्ही पुरेशी.

यात एक खोच आहे. गोळी किती वेगाला उघडायची हे बनवतानाच ठरलेलं असतं. थर्टी-थर्टीच्या आणि तिच्याहून कितीतरी जोरकस थ्री-नॉट-एट विंचेस्टर या काडतुसाच्या गोळीचा व्यास एकच, इंचाचे ३०८ हजारांश. पण थ्री-नॉट-एटची गोळी जास्त वेगासाठी कडक बांधलेली असते. थर्टी-थर्टीच्या वेगाला ती कदाचित उघडणारच नाही. उलट फोर्टी-फोर मॅग्नम हे मुळात पिस्तुलाचं काडतूस. लिव्हर-अ‍ॅक्शनच्या लांब नळीतून तीच गोळी सेकंदाला काही शे फूट जास्त वेगाने सुटते, आणि पिस्तुलासाठी बनवलेली पोकळ नाकाची गोळी खांद्याच्या हाडावर फुटून विखरू शकते, फुप्फुसापर्यंत न पोचताच. म्हणून फोर्टी-फोरची रायफल असेल तर २४० ग्रेनची भक्कम सॉफ्ट पॉइंट घ्यावी, घरात पिस्तुलासाठी पडलेली नाही.

आता तो १५० की १७० चा जुना वाद. रेमिंग्टनच्या कोष्टकानुसार १५० ग्रेनची गोळी नळीतून सेकंदाला २३९० फुटांनी निघते, १७० ची २२०० फुटांनी. हलकी गोळी जोरात, जड गोळी सावकाश, इथपर्यंत सोपं आहे. १०० यार्डांवर वेग अनुक्रमे १९७३ आणि १८९५ होतात. २०० यार्डांवर १६०५ आणि १६१९. म्हणजे निघताना १९० फुटांनी पुढे असलेली हलकी गोळी २०० यार्डांपर्यंत जड गोळीच्या मागे पडलेली असते, कारण हलक्याला हवा जास्त रोखते. ताकदीचा हिशेब इथे फूट-पाउंडात करतात. एक पाउंड वजन एक फूट उचलायला लागते तेवढी शक्ती म्हणजे एक. १०० यार्डांवर १५० ग्रेनला १२९६ उरतात, १७० ला १३५५. कोलोराडोचा नियम हरणासाठी १०० यार्डांवर किमान १००० मागतो. दोन्ही पास.

मग निवडायचं कशावरून? माझं मत १७० कडे झुकतं, आणि त्याचं कारण ताकद नाही. फुप्फुसात गोळी बसलेलं हरीणसुद्धा बऱ्याचदा जागीच पडत नाही. पन्नास-शंभर यार्ड धावतं आणि मग कोसळतं. संध्याकाळच्या उजेडात, वाळक्या पानांच्या पसाऱ्यात त्याला शोधायचं ते रक्ताच्या थेंबांवरून. गोळी आरपार गेली तर भोकं दोन, आणि पलीकडचं भोक मोठं आणि बहुधा खालच्या अंगाला, त्यामुळे रक्त लवकर आणि भरपूर सांडतं. गोळी आतच राहिली तर रक्त छातीच्या पोकळीत साचतं, बाहेर ठिपकाही पडत नाही. जड गोळी आरपार जाण्याचा संभव जास्त. १५० वाले म्हणतात की हलकी लवकर उघडते आणि बारीक अंगाच्या हरणाला तेच बरं. त्यांचंही खोटं नाही. मोठा व्हाइटटेल नर आपल्या चितळाएवढाच असतो, गवा नव्हे.

या वादात एक भाकड गोष्ट हमखास येते, ती मात्र सोडून द्या. जड, सावकाश, बोथट गोळी झुडपातून वाट काढत सरळ जाते, असं जुने शिकारी छातीठोकपणे सांगतात. कुठलीही गोळी फांदीला लागली की वाकडी होते, कुठली थोडी, कुठली जास्त. झुडपाआड हरीण असेल तर थांबायचं. त्यावर काडतुसाचा उपाय नाही.

मोठ्या काडतुसांचा मोहही इथेच आवरावा. फोर्टी-फाइव्ह-सेव्हन्टी हे १८७३ चं लष्करी काडतूस आज पुन्हा फार लोकप्रिय आहे. ते हरीण मारतं यात शंका नाही, पण खांद्याला असा धक्का देतं की नवखा माणूस तिसऱ्या बारापासून चाप ओढतानाच डोळे मिटायला लागतो. शिवाय त्यातले काही जोरदार डबे फक्त आजच्या मजबूत रायफलींसाठी असतात. एकोणिसाव्या शतकातल्या जुन्या बंदुकीत घातले तर बंदूकच फुटेल. डब्यावरचा बारीक मजकूर वाचा, आणि रायफलीच्या नळीवर कोरलेलं नाव काडतुसाच्या बुडावरच्या नावाशी शब्दशः जुळतंय ना ते बघा. ‘दोन्ही थर्टी कॅलिबरच की’ हे कारण चालत नाही.

नावाचा कायद्याशीही संबंध येतो. ओहायोत हरणासाठी रायफलचं काडतूस सरळ भिंतीचं लागतं, म्हणजे पुंगळी बुडापासून तोंडापर्यंत सरळ हवी, बाटलीसारखी मान नको. सपाट, दाट वस्तीच्या मुलखात गोळी फार लांब जाऊ नये हा त्यामागचा विचार. थर्टी-थर्टीला मान आहे, त्यामुळे पिट्सबर्गच्या माणसाची रायफल तासाभराच्या अंतरावर ओहायोत बाद. रेमिंग्टनने २०२३ मध्ये थ्री-सिक्स्टी बकहॅमर नावाचं काडतूस अशाच राज्यांतल्या लिव्हर-अ‍ॅक्शनसाठी काढलं: थर्टी-थर्टीचीच पुंगळी, मान काढून सरळ केलेली.

शिशाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण ते शिकार न करणाऱ्यांच्याही ताटात येतं. फुलताना सॉफ्ट पॉइंटमधून शिशाचे बारीक कण सुटतात आणि जखमेपासून वीतभर लांबपर्यंत मांसात पसरतात, डोळ्यांना न दिसता. रानात टाकून दिलेली आतडी गिधाडं आणि गरुड खातात. कॅलिफोर्नियातलं काँडर गिधाड १९८० च्या दशकात जेमतेम दोन डझनांवर आलं होतं, आणि ते सावरण्यात आजही शिसं हाच मोठा अडथळा आहे. म्हणून तिथे १ जुलै २०१९ पासून कुठल्याही शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. नॉर्थ डकोटात २००८ मध्ये गरिबांसाठी दान आलेला हरणाचा खिमा शिशाच्या शंकेवरून फेकून द्यायला सांगितलं गेलं. पर्याय म्हणजे पूर्ण तांब्याची गोळी. नाकाशी पोकळी असते, ती पाकळ्यांनी उघडते आणि सहसा कण सोडत नाही. थर्टी-थर्टीसाठी बार्न्स, हॉर्नडी, फेडरल यांच्या तांब्याच्या गोळ्या मिळतात. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून गोळीचं वजन कमी ठेवतात आणि वेग वाढवतात. किंमत चांगलीच जास्त. पण हंगामात लागतात किती? सरावाला स्वस्तातली आणि रानात तांब्याची असं करणारे पुष्कळ आहेत, फक्त तांब्याच्या गोळीने साईट वेगळी लावून घ्यावी लागते.

नोव्हेंबर-डिसेंबरात शेजारी प्रेमाने हरणाचं मांस आणून देतात. रस्सा फर्मास होतो. पण घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर ‘गोळी कुठली होती’ हे विचारायला लाजू नका. इथे तो प्रश्न कुणाला विचित्र वाटत नाही. शिशाची असेल तर खिमा नको, मांडीचं मांस मागा, आणि जखमेच्या आसपासचं सढळ हाताने काढून टाका.

राहिलं ते तुमच्या स्वतःच्या रायफलीचं म्हणणं. एकाच कारखान्यातल्या दोन रायफलींना वेगवेगळी काडतुसं मानवतात, आणि ते कुठल्याही कोष्टकात सापडत नाही. १५० ची एक, १७० ची एक, जमल्यास तांब्याची एक असे डबे आणा. टेबलावर वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवा, ५० यार्डांवर कागद लावा आणि प्रत्येकाचे तीन-तीन बार काढा. बारांमध्ये नळी निवू द्या. ज्याची भोकं एकमेकांजवळ पडतील ते तुमचं काडतूस. मग १०० यार्डांवर दोन इंच वर लागेल अशी साईट लावली की त्याआधी कुठेही छातीच्या मधोमध धरलं तरी चालतं, कारण हरणाच्या काळीज-फुप्फुसाचा भाग आठ-दहा इंचांचा असतो. १०० यार्डांवर नेमकी साईट लावलेली १५० ग्रेनची गोळी २०० वर ८ इंच खाली जाते, म्हणून तिथपर्यंत हात मारायचा मोह नको.

एकदा ठरलं की त्याच लॉट नंबरचे, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेला बनलेले, दोन डबे घेऊन ठेवा. नंबर डब्याच्या आतल्या झाकणावर छापलेला असतो. पुढच्या वर्षी लॉट बदलला, तर हंगामाआधी तीन बार पुन्हा कागदावर.